टायरवर छापलेला आकडा बघून हवा भरू नका

सायकल भाड्याने देणाऱ्याने टायरच्या कडेवरचा आकडा दाखवला, 50 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा ठासून भरली आणि वर "आता पंक्चरची काळजीच नको" म्हणून पाठ थोपटली. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो. याच्या पुढे फुगवू नका, एवढंच त्यातून सांगायचं असतं. डोंगरातल्या वाटेवर तेवढी हवा कुणालाच लागत नाही.

सुरुवातीचा डांबरी चढ आणि रानातली मऊ मातीची वाट मजेत गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

इंगा दाखवला तो खिंडीपलीकडच्या उतरणीने. मुठीएवढे सुटे दगड, मध्येच आडवी ओली मुळं आणि ते संपायचं नाव नाही. टणक टायर दगडाला धरतच नाही, टुणकन उडतो आणि भलतीकडे उतरतो. मागचं चाक निम्मा वेळ हवेत, त्यामुळे ब्रेक दाबला की नुसतं फरफटायचं. हाताला एवढ्या मुंग्या आल्या की ब्रेकवर बोट आहे की नाही तेच कळेना. शेवटी अर्ध्यात थांबलो, व्हॉल्व्हचं टोपण काढलं, टोकाची इवलीशी चकती सैल केली आणि थोडी थोडी हवा सोडत, अंगठ्याने टायर दाबून बघत राहिलो. पुन्हा निघालो तर तीच सायकल, तसेच दगड, पण टायर ते गिळत चाललाय! ओल्या मुळावरून चाक सरळ पार झालं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की सोबती दचकून थांबला.

मग त्यानेही हवा सोडली. माझी चाकं ट्यूबलेस होती, त्याच्या चाकांत ट्यूब. पुढच्याच धारदार दगडावर ट्यूब रिमखाली, म्हणजे चाकाच्या धातूच्या कडेखाली, चिमटली, शेजारी-शेजारी दोन भोकं. ठिगळं लावेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

तर ट्यूबलेस, 2.3 ते 2.4 इंचाचा टायर आणि 70-75 किलोचा माणूस असेल तर पुढे 20-22, मागे 23-25 पीएसआय इथून सुरुवात करा. मागे जास्त, कारण वजन तिकडे पडतं. सामान लादलं असेल तर मागे आणखी 2-3 वाढवा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे 3-4 जास्त, यात तडजोड नको. वाट ओली असेल तर एखाद-दोन कमी चालतील. वळणावर टायर खाली वळवळल्यासारखा वाटला, किंवा रिम दगडावर ठण्णकन आपटायला लागली, तर फार सोडलीत.

हातपंपावरच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. 100च्या पुढे जाणाऱ्या त्या तबकडीवर 20 आणि 24 मधला फरक दिसतच नाही, आणि इथे सगळा खेळ त्या चारांचाच आहे. दाब मोजायचा लहान डिजिटल गेज घ्या आणि कायम तोच वापरा, कारण दोन गेजचं सहसा एकमेकांशी पटत नाही.

हवा खाली पायथ्याशी ठरवून मोकळे होऊ नका. हजार मीटर वर गेलं की बाहेरचा दाब घटतो आणि गेज साधारण दीड पीएसआय जास्त दाखवतो. गारठ्याने उलट होतं, 10 अंशांनी तापमान उतरलं तर एक-सव्वा पीएसआय कमी. म्हणून उतरणीच्या तोंडाशी पुन्हा मोजा. परतीला लांब डांबरी रस्ता असेल तर मात्र आळस न करता हवा भरून घ्या. दमलेल्या पायांनी मऊ टायर चढावर ओढणं म्हणजे शिक्षा आहे.

आणि भाड्याची सायकल ताब्यात घेतानाच दोन्ही रिमचे सगळीकडून फोटो काढा. परत देताना मागच्या रिमवरच्या जुन्या पोच्याचे पैसे त्याच इसमाने माझ्याकडे मागितले, तेही "हवा का कमी केलीत?" असं दरडावून.