पाच लाखांत बसवलेला पदपथ

आमच्या सासूबाई वयाच्या 78 व्या वर्षापर्यंत एकट्या बसनं मंडईत जायच्या. 2016 च्या पावसाळ्यात त्यांनी ते बंद केलं. सोसायटीच्या फाटकापासून बसथांब्यापर्यंतचं अंतर साधारण 110 मीटर. तिथं पदपथ होता, पण दुचाक्या चढू नयेत म्हणून चांगला फूटभर उंच केलेला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यावर चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्या रस्त्याच्या कडेनं चालायच्या. एक दिवस रिक्षाचा आरसा कोपराला घासून गेला आणि त्या म्हणाल्या, "आता पुरे."

आमच्या पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक होतं. आपल्या भागातलं छोटं काम सुचवायचं आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. एका कामाला 5 लाखांची मर्यादा. प्रभाग समितीनं पसंत केलं, तर ते पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात येतं. त्या वर्षी मी घाईघाईनं अर्ज केला: 'परिसरातील पदपथ ज्येष्ठांसाठी सुधारावेत.' तो घेतला गेला नाही. आज तो अर्ज वाचला की कारण स्पष्ट दिसतं. कुठला पदपथ, किती लांब, काय करायचं, यातलं त्यात काहीच नव्हतं. अशा वाक्याचं पूर्वगणनपत्रक, म्हणजे खर्चाचा तपशीलवार अंदाज, कोणी कसं करणार?

पुढच्या वर्षी टेप घेऊन उतरले. मुलीनं दुसरं टोक धरलं. लांबी, रुंदी, विजेच्या दोन पेट्या (डीपी), एक ड्रेनेजचं चेंबर, एक गुलमोहर, सगळं वहीत काढलं. पदपथाचे मापदंडही शोधले. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांत चालण्यासाठी मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर दिली आहे. आमच्याकडे उंची जवळपास दुप्पट होती. अर्जात हे दोन आकडे आणि सहा फोटो जोडले. माझं मत विचाराल तर हे दोन आकडे पन्नास सह्यांपेक्षा कामाला आले.

2017 च्या महापालिका निवडणुकीनंतर प्रभाग चार नगरसेवकांचे झाले होते. आता कोणाकडे जायचं, असा प्रश्न पडला. शेजारच्या काकांनी सांगितलं, "एकाकडे गेलात तर बाकीचे तिघं म्हणतील ते काम त्या एकाचं." म्हणून एकच पत्र चौघांच्या कार्यालयात एकाच दिवशी दिलं आणि चारही पोचा घेतल्या. त्या चौघांतल्या एक नगरसेविका ताई कनिष्ठ अभियंत्यांना घेऊन स्थळपाहणीला येते म्हणाल्या. वेळ सकाळी सातची.

मला वाटलं होतं, नगरसेवकांना पटवणं हेच अवघड. पण खरी चर्चा झाली ती आमची आमच्यातच. पाहणीला तीन दुकानदार आले, आमच्याच सोसायटीतले चौघंही आले. किराणावाले दादा शांतपणे म्हणाले, "वहिनी, पदपथ खाली आणलात की सगळ्या गाड्या वर चढणार. आणि खांब लावलेत तर मी माल उतरवू कुठं?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रोज पहाटे तिथं टेम्पो लागतो, पोती उतरतात. माझ्या वहीत गुलमोहर होता, पण त्यांची हातगाडी नव्हती. याची मला फार चुटपुट लागली. सोसायटीतल्या एकांचा विरोध वेगळाच होता, त्यांची स्कूटर तिथं उभी राहायची. ताईंनी कोणाला गप्प बसवलं नाही. प्रत्येकाला त्याच्या जागेवर नेऊन उभं केलं आणि 'इथं काय हवं?' विचारलं. तासाभरानं ठरलं: दुकानांसमोर हातगाडी चढेल असा उतार, दोन्ही टोकांना लोखंडी खांब, आणि टेम्पो साडेआठच्या आत निघायचा. स्कूटरचं काही ठरलं नाही. ती सोसायटीच्या आत न्यावी लागली आणि तो अबोला वर्षभर टिकला.

मग पूर्वगणनपत्रक आलं आणि रक्कम 5 लाखांवर गेली. अभियंत्यांनी सरळ सांगितलं, लांबी कमी करा. 110 चे 80 मीटर करायचे, तर कुठले 30 सोडायचे? बसथांब्याकडचा भाग सोडला असता तर सगळं फुकट. आमच्या फाटकाजवळचा तुकडा सोडला. तिथं वाहनं हळू असतात. स्वतःच्याच दारातलं काम सोडलं म्हटल्यावर दुकानदारांचा सूर बदलला. किराणावाल्या दादांनी स्वतःहून पत्रावर सही केली.

पुढचं सगळं वाट पाहणं. आयुक्त जानेवारीत अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, नंतर मुख्य सभा, एप्रिलपासून नवं वर्ष, मग निविदा, मग कार्यादेश. छापील अंदाजपत्रकात आमची ओळ सापडली तेव्हा मी ती दोनदा मोठ्यानं वाचली. तरी काम सुरू होण्याआधी फाइल पाहिलीच. महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना कागद पाहता येतात. दुकानांसमोरचा उतार नकाशात होता, खांब एकाच टोकाला दाखवले होते. त्याच दिवशी लेखी दिलं आणि दुसऱ्या टोकाचे खांब आले.

काम नऊ दिवसांत झालं. दहाव्या दिवशी सासूबाई पिशवी घेऊन निघाल्या. मी मागून चालले होते, त्यांना न कळता. चेंबरपाशी त्या क्षणभर थांबल्या, पायानं जागा चाचपली आणि पुढे गेल्या.

उरलेल्या 30 मीटरसाठी ताईंनी पुढच्या वर्षी 'स' यादीतून, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, तरतूद करून दिली. एक डीपी मात्र अजून पदपथाच्या मधोमध आहे. ती हलवायला वीज कंपनीचा वेगळा अर्ज लागतो. तो दिला आहे, पोच फाइलला लावली आहे.