बार दाहेच्या पुढं

गेल्या जुलैत आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात दोन पोरांची जुंपली. कारण एवढंच, की नात म्हणाली, "मी आता पाचवीत जाणार." आणि माझ्या दिराचा नातू, तिच्याहून दोन महिन्यांनी मोठा, महापालिकेच्या शाळेत चौथीत. तो उसळलाच. "माझ्याहून ल्हान आणि पाचवीत कशी? आजी, थापा मारतीया ही!"

थापा नव्हत्या. नात दुबईत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत आहे. तिथं इयत्ता नसते, 'इयर' असतं, आणि पाच वर्षं पुरी झालेलं मूल इयर वनला बसतं. म्हणजे आपला मोठा शिशू तो त्यांचा पहिला वर्ग. त्यांच्या आकड्यातून एक वजा केला की आपली इयत्ता. तेहतीस वर्षं प्राथमिक शाळेत खडू झिजवूनही हे गणित कळायला मला मुलाला दोनदा फोन करावा लागला.

मुलगा शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत होता, तिथून जेबेल अलीला गेला. नातीसाठी त्यानं आधी सीबीएसईच्या शाळेत नाव घातलं होतं, जागा नव्हती. ब्रिटिश शाळेत मिळाली, आणि ती घरापासून जवळ. यापलीकडं काही मोठा विचार त्यामागं नव्हता. मी मात्र फोनवर भरपूर बोलून घेतलं. ज्या गावात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोर शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, त्या गावचा पोरगा आता पोर शाळेत धाडायचे पैसे मोजतोय, आणि ते किती हे आईला सांगत नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

त्या शाळांची उन्हाळी सुट्टी जुलै-ऑगस्टात. दुबईत तेव्हा बाहेर उभं राहवत नाही, ते बरोबरच आहे. पण कोल्हापुरात तेव्हा आंबे संपलेले, आणि पाऊस असा की दोरीवरचं कापड चार दिवस वाळत नाही. त्यात सगळी पोरं शाळेत. दिवसभर नात माझ्या मागं मागं, आणि साडेपाचला हा दप्तर घेऊन आला की दोघांची भांडणं सुरू.

पाढ्यांवरून तर रोज. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात इयर फोर संपेपर्यंत बारापर्यंतचे पाढे पक्के हवेत. तिथं त्याची सरकारी चाचणीही असते: कॉम्प्युटरवर पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. परदेशातल्या शाळांना ती सक्तीची नाही, पण हिच्या शाळेनं तशीच घेतली होती आणि हिला पंचवीसपैकी तेवीस. त्यामुळं ताठा.

हा आमचा पठ्ठ्या एकोणीसचा पाढा बसल्याजागी म्हणतो. "एकोणीस सत्ते?" विचारलं की "एकशे तेहतीस" तोंडातून पडतंय. नात थक्क. मग तिनं विचारलं, "ट्वेल्व ट्वेल्व्ह्ज?" आणि हा बार दाहे एकशे वीसला येऊन थांबला. पुढं काही नाहीच. आपला पाढा दहाला संपतो! आम्ही खाली तीसपर्यंत जातो, पण प्रत्येक पाढा दहाशी आडवतो. त्यांचे पाढे बाराच, पण प्रत्येक बारापर्यंत. तेहतीस वर्षं पाढे घोकून घेतले, पण या फरकाकडं माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

बाराच का, हे मी दोघांना सांगितलं. इंग्लंडात 1971 पर्यंत बारा पेन्सचा एक शिलिंग होता, आणि फुटात इंच बाराच. आपल्याकडं 1957 पर्यंत रुपयाचे सोळा आणे, म्हणून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे. माझे वडील गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. रव्यांची, म्हणजे गुळाच्या ढेपांची, वजनं ऐकता ऐकता अडीचकीनं हिशेब सांगायचे, कागद नंतर यायचा. दोन्हीकडं नाणी बदलून जमाना झाला. पावकी-दिडकी आम्ही सोडून दिली, त्यांनी बारा धरून ठेवले. शाळा जिथं रुपये आणि पेन्स दोन्ही चालत नाहीत अशा वाळवंटात असली तरी.

पण एक कबूल करते. नातीनं वहीवर चौकोन काढून त्याला बारा बाराचे दाखवले. चौकोनाची एक बाजू दहा आणि दोन अशी तोडली. "बारा दहा एकशे वीस, बारा दोन चोवीस, झालं." तिच्या बाई उत्तर बरोबर आलं तरी पुढं विचारतात म्हणे, तुला कसं कळलं? मी वर्गात हे किती वेळा विचारलं असेल? पंचावन्न पोरं, एक फळा, आणि डोक्यावर गळणारं कौल. विचारायला हवं होतं, ते खरंच.

खरी गंमत इतिहासाची. त्याच्या हातात चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक. पाठ आग्र्याहून सुटकेचा. तो मोठ्यानं वाचत होता, पेटाऱ्यांपाशी आला, आणि साल वाचलं, 1666. नात कॉटवरून उठून बसली. "सिक्स्टीन सिक्स्टी-सिक्स? दॅट्स द ग्रेट फायर!"

लंडनची मोठी आग. इयर टूमध्ये तिनं ती केली होती. रंगवलेल्या खोक्यांची घरं करून मैदानात जाळूनसुद्धा दाखवली होती शिक्षकांनी. मग ती सांगत सुटली. पुडिंग लेनमधल्या भटारखान्यात रात्री ठिणगी पडली, लाकडाची घरं एकमेकांना चिकटलेली, वारा सुटलेला, चार दिवस शहर जळलं. एका सरकारी साहेबानं आपलं महागाचं चीज बागेत खड्डा काढून पुरलं. तेरा हजारांवर घरं गेली. पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मला हिशेब घालावासा वाटला: महाराज आग्र्यातून निसटले ऑगस्टात, लंडन पेटलं सप्टेंबरच्या सुरुवातीला. महिन्याच्या आतलं अंतर. मी शेकडो वेळा आग्रा शिकवलं असेल, पण त्याच दिवसांत जगात दुसरीकडं काय चाललं होतं हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"मग महाराज मिठाईच्या पेटाऱ्यातून आणि तिकडं बेकरीला आग," पोरगा म्हणाला. "दोन्हीकडं खायचंच कारण." हा पोरगा परीक्षेत काय लिहील सांगता येत नाही, पण डोकं आहे.

तरी मला ते टोचलंच. नातीच्या वर्गात मल्याळी, लेबनीज, रशियन, फिलिपिनो पोरं, वर्गशिक्षिका आयर्लंडच्या. लंडन बघितलेलं पोर त्यात एकही नाही, आणि लंडनची आग सगळ्यांना पाठ. पुस्तक विमानात बसून आलं, गाव काही आलं नाही. बरं, दुबईचं सरकार त्यांना मोकळं सोडत नाही. अरबी सगळ्यांना सक्तीची, नैतिक शिक्षण आणि तिथला समाज हाही विषय. तपासणी तर दुहेरी: दुबईचा केएचडीए नावाचा विभाग येऊन शाळेला शेरा देत आलाय, तो सगळ्यांना वाचायला मिळतो, आणि ब्रिटिश सरकारचीही 2010 पासून परदेशातल्या अशा शाळांसाठी तपासणीची वेगळी योजना आहे. आमच्या वेळी साहेब यायचे तेव्हा दारात रांगोळी, आत पोहे, आणि शेरा फाइलीत. पालकांना कोण दाखवतो!

या सगळ्यात मराठी कुठं बसवायची? इंग्रजी, अरबी, वर फ्रेंच. मराठीला उरतो माझा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल. ते घड्याळात दीड तास मागं, म्हणजे आमच्या जेवणाच्या वेळी ती शाळेचं पोहणं आटपून आलेली असते, अर्धी पेंगत. मी गोष्ट सांगते, ती हुं हुं करते. तक्रार शाळेबद्दल नाही. ती शाळा मराठी शिकवीन असं कधी म्हणालीच नव्हती. त्या दीड महिन्यात मात्र ती भरपूर बोलली. इतकी, की कोल्हापुरी पोरींसारखं "आजी, मी जातो, मी जेवतो" सुरू झालं आणि सूनबाईंचा तिकडून फोन, "आई, ती स्वतःला मुलगा समजून का बोलतीय?"

आकडे मात्र राहिले. एकोणसत्तर, सत्त्याहत्तर, एक्याऐंशी, इथं ती गळपटायची. 2019 साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस यांसाठी 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा मी भयंकर चिडले होते. शिक्षकांच्या ग्रुपवर तावातावानं लिहिलंही होतं, की भाषेचा मुडदा पाडताय.

ऑगस्टच्या शेवटाला ती परत गेली. गेल्यावर चौथ्या दिवशी इथं पावसानं पुन्हा धरलं. जुलैत पंचगंगा चढली होती तेव्हा तिला मी राजाराम बंधाऱ्याची पातळी समजावून सांगितली होती: 39 फुटांवर इशारा, 43 वर धोका. तिला मीटर ठाऊक, फूट ऐकून माहीत. तिनं बाराच्या पाढ्यानं 43 फुटांचे इंच काढले होते, 516, आणि घरभर सांगत फिरली होती. तेव्हापासून तिला पाण्याची काळजी.

संध्याकाळी कॉल आला. पोरगा शेजारी बसून भाकरी-आमटी खात होता.

"आजी, पाणी किती?"

"एकतीस."

ती गप्प. कपाळाला आठी. "एकतीस म्हणजे?"

मी तोंड उघडायच्या आत पोरगं भरल्या तोंडानं ओरडलं, "तीस एक गं!"

"ओके. सेफ," म्हणाली, आणि अरबीचा गृहपाठ दाखवायला वही कॅमेऱ्यासमोर धरली. उलटी.