डच जोडशब्दांतली सांध आणि आघात

डच भाषेत दोन-तीन शब्द सलग जोडून लिहिण्याची रीत इतकी रुळलेली आहे की, घटकशब्द ओळखीचे असूनही शब्द कुठे तोडायचा, हे नवशिक्याला चटकन उमगत नाही. ‘फालकाउल’ हा शब्द ‘फाल’ आणि ‘काउल’ असा तोडला, तर सावज पकडण्याचा खड्डा. ‘फाल्क’ आणि ‘आउल’ असा तोडला, तर ससाणा आणि घुबड यांच्या संकरातून झालेले, कुठल्याच रानात न आढळणारे पाखरू.

ओळीच्या शेवटी शब्द तोडताना आधी घटकशब्दांची सांध पाळावी लागते आणि त्यानंतरच अक्षरांची विभागणी येते. ‘आवन्ड’ म्हणजे संध्याकाळ. तिच्या अनेकवचनात ‘ड’ पुढच्या अक्षराकडे जातो, ‘आवन-डन’. रात्रीचे जेवण मात्र ‘आवन्ड-एटन’ असेच तुटते. उच्चारही याला दुजोरा देतो. डचमध्ये शब्दाच्या अखेरीचा ‘ड’ कठोर होऊन ‘ट’ ऐकू येतो, त्यामुळे अनेकवचनात ‘ड’ टिकतो, तर जेवणाच्या शब्दात पुढे स्वर असूनही ‘ट’च कानी पडतो. छापील नियमापेक्षा मला हा पुरावा अधिक पटतो. स्वर एकमेकांत मिसळण्याची शक्यता असते तिथे १९९५च्या शुद्धलेखन-सुधारणेपासून सांधेवर जोडरेघ देतात. ‘झे-एन्ट’, म्हणजे समुद्री बदक, हे त्याचे उदाहरण.

आघात सहसा पहिल्या घटकावर येतो. ‘स्लापकामर’ (झोपण्याची खोली) म्हणताना जोर ‘स्लाप’वर असतो, पण ‘स्टाटहाउस’ (नगरभवन) म्हणताना तो ‘हाउस’वर जातो. ॲम्स्टरडॅममधल्या ‘काल्व्हरस्ट्राट’ या रस्त्याच्या नावात पहिला भाग ठळक उच्चारतात, ‘प्रिन्सेनग्राख्ट’ या कालव्याच्या नावात शेवटचा. मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नसल्याने आपण ही सगळी नावे सपाट सुरात म्हणून मोकळे होतो.

क्रियापदांत मात्र एवढी मोकळीक नाही. ‘फोरकोमन’ पहिल्या भागावर जोर देऊन म्हटले तर ‘घडणे, आढळणे’, दुसऱ्यावर दिला तर ‘होऊ न देणे’. साध्या वर्तमानकाळी वाक्यात आघात असलेला ‘फोर’ क्रियापदापासून सुटून शेवटी जाऊन बसतो, तर आघात नसलेला ‘फोर’ जागचा हलत नाही.