तांबूस खंड्यासाठी शोल बे: गाडी ठरवण्याआधी हे वाचा

अंदमानात कुणी ‘लाल किंगफिशर पक्का दाखवतो’ म्हणालं, तर पैशांचं बोलण्याआधी एकच विचारा: त्याची छाती पांढरी असते का? ‘हो’ म्हणाला तर त्या गाडीत बसू नका. आम्ही बसलो आणि साडेचार हजार रुपये घालवले.

फेब्रुवारीत मी आणि माझा मावसभाऊ फक्त तांबूस खंड्यासाठी, म्हणजे याच लाल किंगफिशरसाठी, पोर्ट ब्लेअरला (2024 पासून श्री विजयपुरम) गेलो होतो. कर्नाळ्याला तिबोटी खंड्या पाहिल्यापासून हा पक्षी डोक्यात बसला होता. भारतात तो ईशान्येकडे आणि सुंदरबनातही आहे, पण अंदमानात त्याची कायम वस्ती आहे. अख्खा पक्षी तांब्याच्या रंगाचा, पाठीवर जांभळी झाक, चोच जाड आणि लाल. कमरेवर फिकट निळा ठिपका असतो, तो उडतानाच नीट दिसतो.

पोर्ट ब्लेअरजवळच्या शोल बेच्या खाडीकडे जायला गाडीवाल्याने सकाळी सहाला बोलावलं. तिथेच दिवस फुकट गेला. घड्याळ आपलंच, पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की फेब्रुवारीत सव्वापाचला फटफटतं आणि साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो. वर त्याने चॅथमच्या धक्क्यावरून गाडी फेरीबोटीत घालून पलीकडे बांबूफ्लॅटला उतरवण्याऐवजी फेरारगंजवरून जमिनीचा लांब वळसा घेतला. भाडं किलोमीटरवर ठरलं होतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. नऊ वाजता, ऊन चढल्यावर, एका भातखाचराच्या कडेला गाडी थांबवून त्याने तारेकडे बोट दाखवलं. तारेवर आपला नेहमीचा खंड्या. चॉकलेटी डोकं, पांढरी छाती, लाल चोच. आमच्या घरामागच्या विहिरीवर रोज असतो तोच. मी ‘हा नाही’ म्हटलं, तर म्हणाला, चोच लाल आहे ना? पैसे पूर्ण घेतले. वाईट याचं वाटलं की तो खोटं बोलत नव्हता, त्याला फरकच माहीत नव्हता. म्हणून सांगते, मोबाइलमध्ये फोटो ठेवा, आधी दाखवा, आणि भाडं अख्ख्या खेपेचं ठरवा, किलोमीटरवर नको.

दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी केली. फेरीमार्गे जाऊन-येऊन, दिवसभर थांबण्यासकट बावीसशे रुपये. पहिली फेरी किती वाजता सुटते ते आदल्या संध्याकाळी धक्क्यावर जाऊन विचारून घ्या, हॉटेलवाल्यावर सोडू नका.

आता चिखलाबद्दल. शोल बेच्या खाडीला दोन्ही बाजूंनी दाट कांदळवन आहे. आतून हाक ऐकू आली, थरथरती, उतरत जाणारी शीळ, आणि आम्ही रस्ता सोडून आत शिरलो. अजिबात शिरू नका. दोनशे पावलांना तास लागला. गुडघाभर गाळ, त्यात वर आलेल्या मुळांच्या खुंट्या, बूट आतच अडकायचा. वाळूमाश्यांनी पोटऱ्या सोलून काढल्या, खाज आठवडाभर गेली नाही. कोकणातल्या खाजणात वाढलेल्या माणसाला वाटतं आपल्याला जमेल. पण इथल्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. गावातल्या एका म्हाताऱ्या बाबांनी रस्त्यावरून ओरडून आम्हाला बाहेर काढलं. ते नसते तर आम्ही आणखी आत गेलो असतो. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

आणि या सगळ्याची काही गरज नव्हती. पक्षी रस्त्यावरून दिसतो. दुपारी तीनला ओहोटी लागली होती, एका छोट्या पुलावर आम्ही मुकाट बसलो. गाळ उघडा पडला, खेकडे बाहेर आले. आधी कॉलरवाले खंड्ये आले, निळे-पांढरे, कर्कश, उघड्यावर बसणारे. ते आपल्या रत्नागिरीच्या कांदळवनातही आहेत, त्यांच्यासाठी इतक्या लांब येऊ नका. तांबूस खंड्या उजेडात बसत नाही. दुर्बीण वरच्या फांद्यांवर फिरवत राहिलात तर तो कधीच सापडणार नाही. खाली, सावलीत, मुळांच्या वर हातभर उंचीवर बघा. मावसभावाला आधी वाळकं पान वाटलं. मग पानाने मान वळवली.

नऊ मिनिटं बसला होता. एकदा खाली झेपावला, खेकडा घेऊन परत फांदीवर, दोनदा आपटला, गिळला. उडाला तेव्हा तो निळा ठिपका लख्ख दिसला. मला रडू आलं. फोटो दोनच आले, दोन्ही हललेले. तिथे उजेडच नाही, त्यामुळे जड लेन्स वाहून नेण्यापेक्षा चांगली दुर्बीण न्या.

बाकी, स्वराज द्वीपावरचे (जुनं हॅवलॉक) तीन दिवस छान गेले. पोर्ट ब्लेअरजवळचं सिप्पीघाट मात्र चुकवू नका. 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे मीटरभर खचली, तिथल्या शेतांत समुद्र शिरला, आणि आज त्या पाणथळीत पक्षीच पक्षी आहेत. तासभर पुरतो.

परतीच्या फेरीची वेळही विचारून ठेवा. अंधार पडेपर्यंत आम्ही पुलावरून उठलोच नाही, गाडीची फेरी चुकली, आणि शेवटी फेरारगंजवरूनच यावं लागलं. त्याचे वेगळे नऊशे रुपये पडले. ते मी एका शब्दाची घासाघीस न करता दिले.