अपडेटवर फोडलेलं खापर

महिन्यातला दुसरा मंगळवार संपून बुधवार उजाडला की माझा फोन सकाळपासूनच वाजायला लागतो. विंडोजची मासिक दुरुस्ती २००३ पासून दुसऱ्या मंगळवारीच बाहेर पडते. अमेरिकेतल्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. आपण झोपलेले असताना कॉम्प्युटर ती उतरवून घेतो, स्वतःच रीस्टार्ट होतो, आणि सकाळी कुणाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडत नाही, तर कुणाचं क्षणभर डोकावून मिटतं. निदान मात्र सगळ्यांचं एकच असतं : "अपडेटनं वाट लावली."

कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असं आपण योगायोगाला म्हणतो. इथे कावळा खरंच बसलेला असतो, पण फांदी आतून कधीचीच किडलेली असते. २००४ सालच्या 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' या गेमचंच बघा. विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आलं आणि गेममधलं पाण्यावर उतरणारं एक विमान गायब झालं. खोदकाम केल्यावर कळलं, की त्या विमानाच्या माहितीच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडे पहिल्यापासून नव्हतेच. गेम ते वाचायला जायचा आणि आधीच्या गाडीचे आकडे मेमरीत तसेच पडलेले असायचे, ते उचलायचा. वीस वर्षं हे खपून गेलं. नव्या विंडोजनं मेमरीचा तेवढा तुकडा आपल्या कामाला घेतला आणि बिंग फुटलं.

उलटंही घडलंय. 'सिमसिटी' हा गेम काम संपल्यावर विंडोजला परत केलेली मेमरी पुन्हा वाचायचा. जुन्या विंडोजवर ते चालून जायचं, विंडोज ९५ वर मात्र तो कोसळला असता. तेव्हा विंडोजवाल्यांनीच 'सिमसिटी चालू असेल तर मेमरी जरा सैल हातानं सांभाळ' अशी सोय आत घालून ठेवली, असं सांगतात. इतके लाड आता कोण करतो?

ऐन लग्नसराईत आमच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्या पोराचा फोन आला. "दादा, पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडतंय आणि लगेच बंद पडतंय. रात्री अपडेट आलं होतं." त्यानं रीस्टार्ट करून, सॉफ्टवेअर काढून, परत टाकून पाहिलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मित्राच्या सांगण्यावरून तो आता विंडोजच नव्यानं टाकायच्या बेतात होता. नोकिया काळापासूनचे फाँट, गिऱ्हाइकांचे गणपती, वेलबुट्ट्या, सगळं त्याच मशीनवर. म्हटलं, थांब, हात लावू नकोस.

असल्या वेळी पहिल्यांदा बघायची जागा म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, विंडोजची घडल्या-बिघडल्याची नोंदवही. फारसं कुणी तिकडे फिरकत नाही, कारण तिथलं लिखाण पोलीस पंचनाम्यासारखं रुक्ष असतं. लाल गोळ्याची नोंद उघडली की कुठला प्रोग्राम पडला, कुठल्या मोड्यूलमध्ये, म्हणजे त्याला जोडलेल्या कुठल्या फाइलमध्ये पडला आणि कुठल्या कोडनं, हे ओळीनं दिलेलं असतं. कोड बहुधा ठरलेला : शून्य, एक्स, सी, मग सहा शून्यं आणि पाच. म्हणजे आपली नसलेली मेमरी चाचपायला गेला आणि हात धरला गेला. मोड्यूलच्या जागी पुष्कळदा विंडोजचीच एखादी फाइल दिसते. लोक तिलाच गुन्हेगार ठरवतात आणि कुठल्यातरी साइटवरून तिची नवी प्रत आणून टाकतात. हे तर अजिबात करू नये.

इथे मात्र मोड्यूलचं नाव ओळखीचं निघालं, एका प्रिंटरच्या ड्रायव्हरचं, म्हणजे कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यातल्या दुभाष्या सॉफ्टवेअरचं. पानं मांडणारी सॉफ्टवेअरं उघडतानाच डीफॉल्ट प्रिंटरकडे कागदाची मापं विचारतात. अपडेटनंतर डीफॉल्टचा मान गेला होता यादीतल्या अशा एका प्रिंटरकडे, जो गेल्या दिवाळीत भंगारात गेला होता. प्रिंटर गेला तरी ड्रायव्हर मागे राहिला होता, आणि विचारणा आली की तो स्वतः तर मरायचाच, सॉफ्टवेअरलाही सोबत न्यायचा. डीफॉल्टला 'प्रिंट टू पीडीएफ' लावलं, जुना ड्रायव्हर काढून टाकला. सॉफ्टवेअर उघडलं, पत्रिकेतल्या आत्या-मामांच्या नावांसकट.

पोरगा खूश झाला, पण मत काही बदललं नाही. "बघा, अपडेट आलं नसतं तर हे झालंच नसतं. कायमचं बंद करून टाका ना." कायमचं बंद करायला मी नकार दिला. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर त्याच्या मशीनला लागत असतात, तिथे दुरुस्त्या थांबवणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. मग विंडोज देतं तेवढी मुदत, म्हणजे पाच आठवड्यांचा पॉझ, यावर तडजोड झाली. त्यानं लगेच भिंतीवरचं कालनिर्णय खाली काढलं आणि शेवटचा मुहूर्त त्यात बसतो का ते मोजायला लागला.