तुम्ही विचारलंत म्हणून: पित्तखडे आणि कोलेलिथायसिस

सोनोग्राफी सेंटरमध्ये मी रिपोर्ट टाइप करते. तिथे येणारे हमखास विचारतात, "ताई, तुम्ही मराठी शाळेतल्या, मग हे जड शब्द तुम्हाला कळतात कसे?"

मोडून बघते, म्हणून कळतात. 'कोलेलिथायसिस' घ्या. ग्रीकमध्ये 'कोले' म्हणजे पित्त, 'लिथॉस' म्हणजे दगड. झाले की पित्तखडे! मग 'हेपॅटोमेगाली' आलं. हेपॅटो यकृताचं, मेगाली मोठं होण्याचं. पुढे 'स्प्लीनोमेगाली' दिसलं तेव्हा प्लीहा वाढलीय हे कुणाला विचारावं लागलं नाही. रिपोर्टात खड्याला 'कॅल्क्युलस' लिहितात, लॅटिनमध्ये बारीक खडाच तो. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून गणितातलं कॅल्क्युलसही त्याच शब्दातून आलं. आणि गुडघ्याचा 'पटेला' म्हणजे लॅटिनमध्ये लहानशी थाळी. आपण त्याला वाटी म्हणतो! हे कळलं त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं होतं.

मला धास्ती वाटते ती सोप्या दिसणाऱ्या शब्दांची. एकदा साठीच्या एक मावशी रिपोर्ट घेऊन परत आल्या. 'युटेरस अनरिमार्केबल' असं त्यात होतं. मुलाने मोबाइलवर अर्थ काढला, 'दखल घेण्याजोगं नाही'. मावशींनी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे पिशवी कामातून गेली ना गं?" मी त्या ओळीखाली बोट ठेवलं. म्हटलं, "मावशी, मुद्दाम नोंदवावं असं वावगं काही दिसलं नाही, एवढाच याचा अर्थ. बाकी डॉक्टर सांगतीलच." त्या बाकावर बसल्या, पदराने डोळे पुसले आणि प्यायला पाणी मागितलं.

'क्रॉनिक'चंही तसंच. लोकांना वाटतं भयंकर, पण त्यात क्रोनोस म्हणजे काळ आहे, दुखणं जुनाट आहे एवढंच तो शब्द सांगतो. ते किती गंभीर, हे त्यातून कळत नाही. 'अक्यूट' म्हणजे अचानक उद्भवलेलं.

दुखण्याचं काय करायचं ते डॉक्टरांनी सांगावं, मी फक्त शब्दाचा अर्थ सांगते. पण माणूस घाबरून घरी जाऊ नये, म्हणून तेवढा तरी सांगतेच.

कीबोर्डशेजारी माझी एक वही असते. परवा तिच्यात लिहिलं: हायड्रोनेफ्रोसिस. हायड्रो पाणी, नेफ्रॉस मूत्रपिंड. लघवी पुढे न सरकता तुंबून मूत्रपिंड फुगणं. आपल्याकडच्या बोलण्यातला शब्द लिहायला शेजारी जागा सोडलीय.