खालच्या लीगमधला अकिनफेन्वा

आमच्या नांदेडकडे फुटबॉल पाहणारी मुले आता बरीच झाली आहेत. पण त्यांच्या गप्पांमध्ये लिव्हरपूल, चेल्सी, मँचेस्टर यांच्यापलीकडचे इंग्लंड क्वचितच येते. वास्तविक प्रीमियर लीगच्या २० क्लबांखाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या असून प्रत्येकीवर २४ क्लब आहेत, आणि शेकडो व्यावसायिक खेळाडूंचा संसार त्यांवर चालतो. माळेगावच्या यात्रेत शेवटची मोठी कुस्ती कोणी मारली हे सर्वांना आठवते; मात्र तोवर फड रंगवणारे पैलवान चार दिवसांनी दुसऱ्या गावच्या जत्रेत लंगोट लावून उभे असतात. अदेबायो अकिनफेन्वा हा इंग्लंडचा फुटबॉलपटू त्यांच्या पंगतीतला.

१९८२ मध्ये लंडनमध्ये जन्मलेल्या या खेळाडूची व्यावसायिक सुरुवात लिथुआनियातील अटलांटास या क्लबात झाली. तेथे कातडीच्या रंगावरून प्रेक्षकांच्या शिव्या खात त्याने २००१ चा चषक जिंकला. पुढे टॉर्की, स्वान्सी, मिलवॉल, नॉर्थॅम्प्टन, जिलिंगहॅम अशी गावे होत राहिली. या स्तरावर करार बहुधा एक-दोन वर्षांचे असतात, त्यामुळे गुडघा किंवा प्रशिक्षक यांपैकी एकाची मर्जी फिरली, तरी बिऱ्हाड हलवावे लागते. स्वान्सीत असताना त्याचा पाय मोडला, तेव्हा त्याला हे पुरेपूर कळले असणार.

शंभर किलोंच्या घरातल्या वजनामुळे आणि फिफा या व्हिडिओ गेममधील सर्वांत ताकदवान खेळाडू म्हणून तो जगभर ओळखला गेला. माझ्या मते त्या कौतुकाने त्याच्यावर थोडा अन्यायच केला. बचावपटूला पाठीवर रेलून धरायचे, उंच आलेला चेंडू छातीवर घेऊन अलगद सहकाऱ्याच्या पायात द्यायचा, हे नुसत्या वजनाने साधत नाही. तसे असते तर आमच्या तालमीतले निम्मे गडी त्याच्यासारखे सेंटर फॉरवर्ड, म्हणजे आघाडीवर खेळून गोल करणारे खेळाडू, झाले असते.

२०१६ च्या लीग टू प्ले-ऑफच्या, म्हणजे वरच्या लीगमधील उरलेल्या जागेसाठीच्या बाद फेरीच्या, अंतिम सामन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावर एएफसी विम्बल्डन प्लिमथविरुद्ध १-० ने पुढे असताना नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली. क्लब सोडायचा आहे हे ठाऊक असलेल्या अकिनफेन्वाने ती स्वतः मारली, गोल केला आणि सामन्यानंतर थेट टीव्हीवर सांगितले, की आपण आता बेकार आहोत, तेव्हा प्रशिक्षकांनी व्हॉट्सअॅपवर संपर्क साधावा. त्याला वायकम्ब वाँडरर्सने घेतले. २०१८ मध्ये हा संघ लीग वनमध्ये आणि २०२० मध्ये क्लबच्या इतिहासात प्रथमच चॅम्पियनशिपमध्ये पोहोचला. त्या विजयानंतर हाडाचा लिव्हरपूलभक्त असलेला अकिनफेन्वा म्हणाला, की आता व्हॉट्सअॅप करायची मुभा फक्त लिव्हरपूलचा तेव्हाचा प्रशिक्षक युर्गेन क्लॉप याला. आणि क्लॉपने खरोखरच अभिनंदनाचा व्हिडिओ पाठवला. चॅम्पियनशिपमधला मुक्काम मात्र एका हंगामापुरता ठरला, कारण अवघ्या एका गुणाने संघ खाली आला. मे २०२२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, तो पुन्हा एका प्ले-ऑफ अंतिम सामन्यासाठी वेम्बलीवर गेला. संडरलंडने तो २-० असा जिंकला आणि अकिनफेन्वाने बूट उतरवले.